टक्क्याआधी तारीख: कस्टम ड्युटीचा कागद गावात बसून कसा वाचायचा

१८ ऑगस्ट २०२५ची संध्याकाळ. पोळा चार दिवसांवर आलेला, बाजारात झुली-गोंडे घेणाऱ्यांची गर्दी, आणि एकाएकी सगळ्यांचे मोबाइल वाजू लागले. ‘कापसावरची कस्टम ड्युटी शून्य!’ ही ड्युटी म्हणजे परदेशातून येणाऱ्या मालावरचा कर. कुणाच्या ग्रुपवर ती कायमची शून्य होती, कुणाच्या ग्रुपवर फक्त अमेरिकेच्या कापसापुरती, आणि एका ग्रुपवर तर दिवाळीत कापूस पाच हजारांवर येणार असं भविष्यही लिहून आलं होतं. मूळ कागद, म्हणजे सरकारी अधिसूचना, मात्र कुणीच पाहिली नव्हती. त्यातली कामाची गोष्ट दोन ओळींची होती: कस्टमच्या मालयादीतल्या ५२०१ या क्रमांकाखालचा कापूस, १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत.

चहाच्या टपरीवर एक काका म्हणाले, “सप्टेंबरपर्यंतच आहे ना भाऊ? आपला कापूस तं दसऱ्याच्या पुढंच घरी येते. आपल्याले काय फरक पडते?”

काकांचा हिशोब दहा दिवस बरोबर होता. २८ ऑगस्टला मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि सीतादहीपासून, म्हणजे पहिल्या वेच्याच्या पूजेपासून, दुसऱ्या-तिसऱ्या वेच्यापर्यंतचा अख्खा हंगाम त्या शून्य ड्युटीच्या मुदतीत आला. टक्का तोच होता, फक्त तारीख सरकली. १ जानेवारी २०२६ पासून ड्युटी पुन्हा ११ टक्के झाली, तोवर ज्यांना पैशाची नड होती त्यांनी माल विकून टाकला होता.

हे लिहिण्याचं कारण एवढंच, की गेली काही वर्षं शेतकरी उत्पादक कंपनीची कागदपत्रं सांभाळताना मला या अधिसूचना वाचायची सवय लागली, आणि नव्यानं या कामात येणारी पोरं मला तेच ते प्रश्न विचारतात. काहींना आपला माल कधी विकायचा ते ठरवायचं असतं, काहींना बाहेरून एखादी मशीन आणायची असते. वाचायची रीत दोघांचीही सुरुवातीला सारखीच आहे.

आधी ओळखा, कागद कुणाचा

आयातीवर दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांचा हात असतो आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. ड्युटी किती लावायची ते अर्थ मंत्रालय ठरवतं. त्याच्या अधिसूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाकडून, म्हणजे सीबीआयसीकडून निघतात. माल आणायला मोकळीक आहे की परवाना लागतो की बंदीच आहे, हे ठरवतं वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी. त्यांच्या यादीत प्रत्येक मालापुढे ‘फ्री’, ‘रिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘प्रोहिबिटेड’ असा शेरा असतो. ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे हे पहिल्याच दिवशी डोक्यात पक्कं करा. फ्री म्हणजे परवान्याची गरज नाही, ड्युटी लागू शकतेच.

तुरीवरून हे चटकन कळतं. मे २०२१ पर्यंत तूर ‘रिस्ट्रिक्टेड’ होती. डाळ मिलवाले डीजीएफटीकडे अर्ज करून कोटा घेत आणि तेवढीच तूर आणत. १५ मे २०२१ला ती ‘फ्री’ झाली. म्हणजे दार उघडलं, पण दारातला १० टक्क्यांचा नाका तसाच राहिला. अख्ख्या, म्हणजे न भरडलेल्या, तुरीवरचा तो नाका मार्च २०२३ मध्ये निघाला. मोझांबिक किंवा म्यानमारसारख्या गरीब देशांच्या मालाला तर भारत आधीपासूनच सवलत देतो, त्यामुळे तिकडच्या तुरीवर नाका असून नसल्यासारखाच होता. पुढे ‘फ्री’ची मुदत दरवेळी वाढत गेली, आणि जानेवारी २०२५च्या अधिसूचनेनं ती ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली.

पिवळ्या वाटाण्याची गोष्ट याहून मजेदार आहे. त्याच्यावर नोव्हेंबर २०१७ पासून ५० टक्के ड्युटी होती. वर डीजीएफटीची अट: किमान किंमत किलोला २०० रुपये, आणि माल उतरवायचा तर फक्त कोलकाता बंदरात. बंदी हा शब्द कुठंच नव्हता, पण २०० रुपये किलोचा वाटाणा कोण आणणार? ८ डिसेंबर २०२३ला ही ड्युटीही गेली आणि अटीही गेल्या. मग बेसनाच्या गिरण्यांत हरभऱ्याच्या जोडीला वाटाणा शिरला आणि आपल्या हरभऱ्याच्या भावाला त्याचा धक्का बसला. तेव्हा ‘ड्युटी किती?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘अट काय?’ हेही विचारा, कारण कधी कधी अटच ड्युटीपेक्षा जड असते.

कागद शोधायचा कुठे

सीबीआयसी आणि डीजीएफटी या दोघांच्या संकेतस्थळांवर अधिसूचना मोफत मिळतात, इंग्रजी आणि हिंदीत. राजपत्राचं स्वतंत्र संकेतस्थळही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत अधिसूचनेचा क्रमांक नसेल तर तो फोटो पुढे पाठवू नका. प्रत्येक खऱ्या कागदाला क्रमांक असतो, उदाहरणार्थ कापसाच्या त्या पहिल्या अधिसूचनेचा क्रमांक ३५/२०२५-कस्टम्स. क्रमांक आणि वर्ष टाकून शोधलं की दोन मिनिटांत मूळ प्रत समोर येते.

एक नवा बदल इथेच सांगून ठेवतो, कारण जुने लेख वाचून लोक फसतात. कस्टम ड्युटीच्या बहुतेक सवलती २०१७च्या ५० क्रमांकाच्या एका भल्यामोठ्या अधिसूचनेत होत्या, आणि जुने सीए आजही ‘पन्नास-सतरा’ असंच बोलतात. २४ ऑक्टोबर २०२५ला सरकारनं तशा ३१ अधिसूचना एकत्र करून ४५/२०२५ ही नवी काढली आणि ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आता कुणी पन्नास-सतरामधला अनुक्रमांक देऊन सवलत सांगत असेल तर त्याला नव्या कागदातला अनुक्रमांक विचारा. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातीच्या नोंदपत्रात, जुना क्रमांक टाकून चालत नाही.

कागद उघडला की मी सरळ वरून खाली वाचत नाही. पहिल्यांदा मालाचा क्रमांक पाहतो. ५२०१ म्हणजे न पिंजलेला कापूस, त्यात सूत येत नाही, कापड येत नाही. मग ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. मग अट. टक्का सगळ्यात शेवटी, कारण तो तसाही बातमीत आलेलाच असतो.

अकरा टक्के कुठून आले?

कापसाची मूळ ड्युटी ५ टक्के आहे, मग ११ कशी, असं मला एका तरुण जिनिंगवाल्यानं विचारलं होतं. बरोबर शंका आहे. १०० रुपयांच्या कापसावर ५ रुपये मूळ सीमाशुल्क, ५ रुपये कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, आणि या दहा रुपयांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १ रुपया. झाले ११. हा कृषी उपकर फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पातून आला आणि कापसावर ड्युटीही तेव्हाच बसली. त्यातून ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याचा कापूस फेब्रुवारी २०२४ मध्ये वगळला गेला. तसला धागा आपल्याकडे फारसा पिकत नाही, म्हणून त्या बातमीनं घाबरायचं काही कारण नव्हतं. तरी घाबरले लोक.

हीच रीत तेलाला लावा. कच्च्या सोयाबीन तेलावर सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ शुल्क २० टक्के झालं. त्यात ५ टक्के उपकर, मिळून २५, आणि त्यावर अधिभार अडीच: २७.५ टक्के. ३० मे २०२५ला मूळ शुल्क १० वर आलं, म्हणजे १५ अधिक दीड: १६.५ टक्के. रिफाइंड तेलावर मात्र ३५.७५ टक्के कायम राहिले. आता दोन आकडे शेजारी ठेवा. कच्चं आणि रिफाइंड यांच्यातलं अंतर आधी सव्वाआठ टक्के होतं, ते सव्वाएकोणीस झालं. इथल्या रिफायनरीवाल्याला कच्चं तेल आणून शुद्ध करणं फायद्याचं झालं. पण कच्चं तेल स्वस्त झालं की सोयाबीन गाळून निघणाऱ्या तेलाला तेवढा कमी भाव मिळणार, आणि ५,३२८ रुपये हमीभाव असलेल्या सोयाबीनचं बाजारात काय होणार याचा अंदाज पेरणीआधीच बांधता येत होता. ज्यांनी बांधला त्यांनी काही एकर तुरीला दिले. काहींनी बांधूनही सोयाबीनच पेरलं, कारण बियाणं घरात होतं. तेही खोटं नाही.

आयातीवर याखेरीज आयजीएसटी, म्हणजे जीएसटीचाच एक प्रकार, लागतो, पण जीएसटी देशातल्या मालालाही असतो, म्हणून स्पर्धेच्या हिशोबात तो धरू नका. स्वतः माल आणताना मात्र त्याचे पैसे आधी मोजावे लागतात. त्याबद्दल पुढे.

तारीख, पण नेमकी कोणती?

इथे जरा थांबून वाचा. या लेखातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त पैसे वाचवते किंवा बुडवते.

परदेशी मालाला निदान तीन तारखा असतात. माल जहाजावर चढला आणि जहाज कंपनीनं बिल ऑफ लेडिंग दिलं ती एक. आपल्या भाषेत ही जहाजाची बिल्टी. दुसरी, जहाज बंदरात दाखल झालं ती. तिसरी, आयातदारानं कस्टमकडे बिल ऑफ एंट्री भरलं ती. सीमाशुल्क कायदा १९६२, त्याचं कलम १५ सांगतं की ड्युटीचा दर बिल ऑफ एंट्री भरल्याच्या किंवा जहाज दाखल झाल्याच्या तारखेचा, यातली जी उशिराची असेल तिचा. माल बंदरावरच्या सरकारमान्य गोदामात ड्युटी न भरता ठेवला असेल तर तो बाहेर काढायचं बिल ज्या दिवशी भरलं त्या दिवसाचा दर.

याचा अर्थ लक्षात आला का? जुलै २०२५ मध्ये आलेला कापूस कुणी गोदामात ठेवला असेल तर तो २० ऑगस्टला शून्य ड्युटीनं बाहेर काढता आला. आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ब्राझीलहून निघालेल्या कापसाला शून्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण तो बंदरात पोहोचेपर्यंत ११ टक्के परत आले होते. म्हणून मुदत डिसेंबरला संपणार असेल तर बाहेरचा माल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दाटीनं उतरतो, अगदी आपल्या कापसाच्या तोंडावर.

सरकार मनात आणलं तर बिल्टीची तारीखही धरू शकतं, पण मग तसं अधिसूचनेत स्पष्ट लिहावं लागतं. पिवळ्या वाटाण्यावर ३० टक्के ड्युटी, १० मूळ आणि २० उपकर, १ नोव्हेंबर २०२५ पासून लागली. पण ३१ ऑक्टोबरपर्यंतची बिल्टी असलेल्या मालाला सूट होती. जहाजाला कॅनडाहून यायला काही आठवडे लागतात. म्हणजे ड्युटी लागल्याची बातमी ऐकून ज्यांनी हरभऱ्याचा भाव त्याच आठवड्यात वर जाईल असं धरलं त्यांना पुढचे काही आठवडे वाटच पाहावी लागली. समुद्रात असलेला वाटाणा जुन्या दरानंच यायचा होता.

परवान्याच्या बाबतीत उलटं आहे. डीजीएफटीनं एखादा माल ‘फ्री’वरून ‘रिस्ट्रिक्टेड’ केला तर साधारणपणे आधीच निघालेल्या बिल्टीला संरक्षण मिळतं, विदेश व्यापार धोरणाच्या १.०५ या परिच्छेदाखाली. ड्युटीला बिल ऑफ एंट्री, परवान्याला बिल्टी, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

कधी कधी तर तारीखही पुरत नाही, घड्याळ पाहावं लागतं. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ला रात्री पावणेनऊच्या सुमारास पाकिस्तानी मालावर २०० टक्के ड्युटीची अधिसूचना निघाली. अटारी नाक्यावर ज्यांनी त्याच दिवशी आधी बिलं भरली होती त्यांच्याकडूनही नवा दर मागितला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये निकाल लागला की अधिसूचना प्रसिद्ध होण्याआधी भरलेल्या बिलांना जुनाच दर. तेव्हा संगणकावरची वेळ छापलेली पावती जपून ठेवा.

विकणाऱ्यानं यातून काय घ्यायचं

भाव किती होईल हे मी सांगत नाही आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही तारखांना गोल करता येतो. १ फेब्रुवारी, अर्थसंकल्प, त्यातले ड्युटीचे पुष्कळसे बदल मध्यरात्रीपासूनच लागू होतात. ३१ मार्च, कारण कडधान्यांच्या बहुतेक सवलती त्या दिवशी संपतात किंवा पुढे ढकलल्या जातात. हरभऱ्याचंच पाहा: मे २०२४ मध्ये देशी हरभऱ्याची ड्युटी काढली, मुदत ३१ मार्च २०२५, आणि १ एप्रिलपासून १० टक्के लागली. आपला हरभरा बाजारात येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. एक महिना थांबायची ताकद असलेल्याला ती तारीख माहीत असणं कामाचं होतं.

तुरीचं गणित वेगळं. आफ्रिकेची तूर साधारण सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत उतरते, म्यानमारची जानेवारी-फेब्रुवारीनंतर, म्हणजे अकोल्याच्या, दर्यापूरच्या बाजारात आपली नवी तूर येते तेव्हाच. मुदतवाढीचा निर्णय याच काळात झाला तर तो आपल्या पोत्यावर थेट पडतो. हमीभावाची (२०२५च्या हंगामात तो ८,००० रुपये होता) सरकारी खरेदी होणार असेल तर नोंदणी आधी करा आणि बाजाराचा अंदाज मग घ्या. कापसालाही तेच. ड्युटी शून्य असताना खासगी व्यापारी हमीभावाच्या खाली मागतो, मग सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्राशिवाय गती नसते. २०२५च्या हंगामापासून तिथे ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागते. त्या हंगामात लांब धाग्याला ८,११० रुपये दर होता, तो ८ टक्के ओलाव्याचा. ओलावा त्याहून जास्त, पण १२ टक्क्यांपर्यंत असेल तर भावात कपात करून घेतात, त्यापुढे माल परत पाठवतात. ड्युटीवर टपरीत दोन तास भांडून कापूस ओलाच गाडीत भरणारे मी पाहिले आहेत.

वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्यांना ही सगळी चर्चा उलट्या बाजूनं माहीत आहे. आपली संत्री मोठ्या प्रमाणात बांगलादेशात जात, आणि ड्युटी वाढवणारं सरकार तिकडचं. २०१९च्या सुमारास किलोला २० टका (टका हे तिकडचं चलन) असलेला कर २०२३ मध्ये ८८ टकांवर गेला. तिथे आपल्या हातात एवढंच राहतं, की तिकडचा अर्थसंकल्प जूनमध्ये येतो हे लक्षात ठेवून आंबिया बहाराचे सौदे करायचे.

आता स्वतः काही आणायचं असेल तर

समजा, तुमच्या गटाला डाळ निवडायची कलर सॉर्टर मशीन हवी आहे. आपल्याकडे सगळे तिला सॉर्टेक्सच म्हणतात. देशी मशीनही चांगल्या मिळतात, आधी तिकडे चौकशी करा. तरीही बाहेरूनच आणायची ठरली तर क्रम असा ठेवा.

पहिलं काम, मालाचा आठ अंकी क्रमांक. धान्य-कडधान्य साफ करणारी, निवडणारी, प्रतवारी करणारी यंत्रं ८४३७१००० मध्ये बसतात. विकणारा चिनी व्यापारी त्याच्या सोयीचा क्रमांक देईल, तो जसाच्या तसा घेऊ नका. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, शेवटचे दोन आपले. शंका मोठी आणि रक्कम मोठी असेल तर मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे आधीच विचारणा करता येते, पण एका मशीनसाठी कुणी एवढं करत नाही.

दुसरं, त्या क्रमांकापुढे डीजीएफटीचा शेरा काय आहे आणि भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची सक्ती आहे का. पंप, कॉम्प्रेसर, डिझेल जनरेटर, ट्रान्सफॉर्मर अशा यंत्रांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरक्षिततेचा एक मोठा आदेश निघाला. तो एका वर्षानं लागू व्हायचा होता, पुढे १ सप्टेंबर २०२६ वर ढकलला गेला. तो आदेश आज कोणत्या स्थितीत आहे आणि तुमचं यंत्र त्या यादीत आहे का, ते क्रमांकावरून पाहा. आणि फवारणीचा तयार ड्रोन मागवायचा विचार असेल तर इथेच थांबा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे, सुटे भाग मात्र आणता येतात. जत्रेतल्या खेळण्यासारखा स्वस्त दिसतो म्हणून ऑनलाइन मागवलेला ड्रोन कस्टममध्येच अडकतो आणि पैसे परत मिळत नाहीत.

तिसरं, आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून घरबसल्या निघतो. पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला चेक पुरतो. उत्पादक कंपनी असेल तर कंपनीच्या पॅनवर काढा, अध्यक्षांच्या वैयक्तिक पॅनवर नको. एजंट याचे पाच हजार मागतात. अडलंच तर डीजीएफटीचं प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे.

इथे एक कडू गोष्ट. ‘तुझ्या नावानं आयईसी काढतो, दर कंटेनरमागे पैसे देतो, तुला काहीच करायचं नाही,’ असं सांगत पॅन आणि आधार मागणारे लोक खेड्यांत फिरतात. देऊ नका. माल काय आला, किंमत खोटी दाखवली का, आत सुपारी निघाली की सिगारेट, नोटीस ज्याच्या नावावर आयईसी त्याला येते. फसवणुकीच्या प्रकरणात पाच वर्षं मागची ड्युटी व्याज-दंडासह काढता येते. सातबाऱ्यावर बोजा चढल्यावर रडून उपयोग नाही.

चौथं, बँक. गावच्या सहकारी बँकेतून डॉलर जात नाहीत. परकीय चलनाचं काम करणारी शाखा लागते, ती बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी. तिचा १४ अंकी एडी कोड घ्या. आगाऊ पैसे पाठवले तर माल आल्याचा पुरावा बँकेला द्यावा लागतो, नाही तर पुढचे पैसे अडतात.

पाचवं, किंमत. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. आमची पहिली मशीन आम्ही एफओबी भावानं घेतली, म्हणजे तिकडच्या बंदरापर्यंतचा भाव, सुमारे १२ लाख रुपये. पुढचं जहाजभाडं ७० हजार आणि विमा ५ हजार आम्ही वेगळा दिला, पण त्याचे कागद वेळेवर एजंटाच्या हाती पोहोचवले नाहीत. कागद नसतील तर मूल्यांकनाचे नियम सरळ आहेत: भाडं किमतीच्या २० टक्के धरा, विमा १.१२५ टक्के. म्हणजे २,४०,००० आणि १३,५००. आमचा माल १२,७५,०००चा होता, तो कागदावर १४,५३,५००चा झाला. मूळ शुल्क ७.५ टक्के, त्यावर अधिभार, आणि या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, असा हिशोब मिळून २७.७३५ टक्के बसतो. एका मेलच्या आळसापायी सुमारे ४९,५०० रुपये जास्त गेले. दुरुस्तीच्या अर्जाच्या फेऱ्यांना कंटाळून आम्ही सोडून दिलं. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून माल सुटल्यावरही आयातदाराला स्वतःहून नोंद सुधारायची सोय झाली आहे: कमी भरलं असेल तर व्याजासह भरता येतं, जास्त गेलं असेल तर परत मागता येतं. पण मुळात मेल पाठवा.

त्यातला आयजीएसटी परत मिळतो, असं सीए सांगतील. अर्धं खरं. विकलेल्या मालावर जीएसटी असेल तरच त्याचं क्रेडिट मिळतं. २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकिटबंद डाळीवर ५ टक्के आहे, त्याहून मोठ्या पोत्यांत किंवा सुटी विकली तर कर नाही आणि क्रेडिटही नाही. तुमची डाळ कशात विकणार हे मशीन मागवण्याआधी ठरवा, कारण १२ लाखांच्या मशीनवर हा फरक दोन लाखांच्या वर जातो.

सहावं, बंदर आणि वेळ. माल न्हावा शेवाला सोडवून ट्रकनं आणता येतो, किंवा कंटेनर तसाच सीलबंद नागपूरच्या मिहानमधल्या कंटेनर डेपोपर्यंत आणून इथे सोडवता येतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं नागपूरच निवडावं असं माझं मत आहे. थोडे दिवस जास्त लागतात, पण अडचण आली तर एसटीनं जाऊन परत येता येतं. परवानाधारक कस्टम ब्रोकर घ्या आणि त्याच्या परवान्याचा क्रमांक मागून घ्या. बिल ऑफ एंट्री माल पोहोचायच्या आदल्या दिवसापर्यंत भरलं पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. बिल तपासून परत आलं की एक दिवसात ड्युटी भरायची, नाही तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. शिवाय कंटेनर ठरलेल्या दिवसांत रिकामा करून दिला नाही तर जहाज कंपनीचं भाडं सुरू होतं, आणि ते कस्टमपेक्षा निर्दयी असतं. म्हणून ड्युटीचे पैसे आणि आयजीएसटी माल जहाजावर चढायच्या दिवशीच खात्यात वेगळे काढून ठेवा. अध्यक्ष लग्नाला गेलेत, सही राहिली, हे कारण कुठंच चालत नाही.

डॉलरचा भाव बँकेचा धरू नका. कस्टम स्वतःचा दर जाहीर करतं, तोच हिशोबात लागतो.

बियाणं, कलमं, रोपं यांचा रस्ता याहून वेगळा आणि अवघड आहे. २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाखाली आधी आयात परवाना काढावा लागतो, तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला लागतो, आणि काही झाडं-देशांची जोडी सरळ बंद आहे. परदेश सहलीतून संत्र्याची डोळा-काडी बॅगेत घालून आणणारे हौशी बागाईतदार आहेत. एका काडीतून आलेला रोग अख्ख्या पट्ट्याच्या बागा संपवू शकतो, हे डिंक्या आणि मंद ऱ्हास हे संत्र्याचे रोग सोसलेल्या भागात मी वेगळं सांगायला नको.

मशीन गावात आली, पूजा झाली, की फाइल बंद करून माळ्यावर टाकू नका. बिल ऑफ एंट्री, बिल्टी, भाड्याचं बिल, पैसे पाठवल्याचा बँकेचा कागद, ड्युटीची पावती हे सगळं पाच वर्षं हाताशी ठेवावं लागतं. आणि आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये संकेतस्थळावर जाऊन अद्ययावत करायची असते, काही बदललं नसलं तरी. पैसे लागत नाहीत, पण राहिलं तर क्रमांक बंद पडतो आणि ते कळतं तेव्हा कंटेनर बंदरात उभा असतो. जून आपल्याकडे पेरणीचा. आम्ही हे काम अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात उरकून टाकतो.